सुई, बॉबिन आणि प्रमाणीकरण : शिवणयंत्राच्या इतिहासातील एक उपेक्षित पुरावा

शिवणयंत्राचा इतिहास आजवर बहुतांशी पेटंटांचा आणि त्या पेटंटांवरून लढल्या गेलेल्या खटल्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. त्यास कारणही आहे. पेटंटांचे दप्तर सुव्यवस्थित असते. त्यात तारखा असतात, आकृत्या असतात. आणि खटल्यांच्या कागदपत्रांत तर वादी-प्रतिवादींनी एकमेकांविरुद्ध जमविलेला पुरावा अभ्यासकाच्या आयताच हाती लागतो. परंतु यंत्राचे आयुष्य पेटंट-कचेरीत जात नाही. ते घरातील खिडकीपाशी किंवा शिंप्याच्या दुकानात साठ-सत्तर वर्षे चालते, आणि या दीर्घ आयुष्याची साक्ष देणारी साधने अगदी वेगळी असतात : यंत्राबरोबर मिळालेली माहितीपुस्तिका, खणात राहून गेलेली सुयांची पुडी, आणि कुणीतरी अर्धवट भरून ठेवलेल्या बॉबिनी.

जुने यंत्र पुन्हा चालवू पाहणाऱ्याच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एक, टाका सुटतो. दुसरी, बॉबिन नीट भरत नाही. या तक्रारी कारागिराने निवाराव्यात, इतिहासकाराने नव्हे, असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासून पाहण्याजोगा आहे. कारण पहिली तक्रार पुष्कळदा यंत्राच्या बिघाडातून नव्हे, तर त्यात बसविलेली सुई दुसऱ्याच कुठल्या मापपद्धतीची असल्यामुळे उद्भवते; आणि दुसरी तक्रार बॉबिनीच्या आकाराचे जे अनेक प्रकार एकाच काळी प्रचलित राहिले त्यांच्याशी निगडित असते. सुईचे माप कालांतराने एकरूप झाले, बॉबिनीचे मात्र झाले नाही. एकाच यंत्राच्या, एकमेकींशी हातभर अंतरही नसलेल्या या दोन वस्तूंच्या वाट्याला असा भिन्न इतिहास का यावा, हा प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

त्यासाठी टाका कसा पडतो हे प्रथम स्पष्ट केले पाहिजे. हातशिलाईच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते आणि संपूर्ण सुई कापडातून आरपार जाते. यंत्राच्या सुईचे नेढे अणकुचीदार टोकापाशी असते, आणि ती कापडात शिरून त्याच मार्गाने परत येते. तिच्या एका अंगास वरपासून नेढ्यापर्यंत लांब खोबण असते. दुसऱ्या अंगास नेढ्याजवळ आखूड खोबण किंवा खाच असते. सुई सर्वांत खाली जाऊन किंचित वर उचलली जाऊ लागली, की लांब खोबणीतील दोरा सुईबरोबर निर्वेध सरकतो, परंतु आखूड बाजूचा दोरा कापडाच्या पकडीत अडकून मागे राहतो आणि फुगून त्याचा लहानसा फासा तयार होतो. नेमक्या त्या क्षणी शटलचे किंवा गोल फिरणाऱ्या आकड्याचे टोक नेढ्याच्या किंचित वरून जाऊन तो फासा पकडते व खालचा दोरा त्यातून ओवला जातो. सारी करामत दोन-अडीच मिलिमीटरांच्या चढीत घडते. सुई जराशी खाली बसली, जराशी वर बसली, किंवा तिची आखूड खोबण शटलकडे न राहता भलतीकडे वळली, की आकड्याला फासा सापडत नाही आणि टाका सुटतो. यंत्र पूर्णतः निर्दोष असूनही टाका सुटतो, ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे.

टोकापाशी नेढे असलेली सुई एकाच माणसाची कल्पना नव्हे. चार्ल्स वाइझेन्थाल याने १७५५ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतले ते दोन टोकांच्या सुईचे होते. फ्रान्समधील बार्तेलेमी तिमोनिए याच्या १८३० च्या यंत्रात आकडीदार सुई होती व ती एकाच दोऱ्याने साखळी टाका घाली; पुढल्याच वर्षी पॅरिसच्या शिंप्यांनी त्याची यंत्रे मोडून टाकली. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट याने १८३० नंतरच्या काही वर्षांत दोन दोऱ्यांचा टाका घालणारे यंत्र सिद्ध केले, पण त्याचे पेटंट वेळेवर घेतले नाही. ते घेतले इलायस हाऊ याने, १० सप्टेंबर १८४६ रोजी. हाऊच्या यंत्रात सुई वक्र होती, आणि कापड उभे टांगून टोचावे लागे. तरीही टोकाशी नेढे, खाली शटल आणि दोन दोऱ्यांचा टाका ही तिन्ही अंगे त्यात एकत्र आली होती.

शटल हाऊला कोठून सुचले असावे याचा शोध दूर घेण्याचे कारण नाही. तरुणपणी त्याने लोवेल येथे कापडगिरण्यांची यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात उमेदवारी केली होती. मागावरील धोटा ताण्यातून धावतो आणि त्याच्या पोटातील कांडीवरून बाणा सुटत जातो. तोच प्रकार येथे लहान प्रमाणावर आहे. सोलापूर, इचलकरंजीकडच्या विणकर घरांतून कांड्या भरण्याचे काम स्त्रिया व मुले करीत आली आहेत, आणि कांडी सैल किंवा एका बाजूस फुगीर भरली तर धोटा अडतो हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. बॉबिन भरण्याचा प्रश्न मुळात कांडी भरण्याचाच प्रश्न आहे. शिवणयंत्राबरोबर तो मागावरून घरात आला, एवढेच.

१२ ऑगस्ट १८५१ रोजी आयझॅक सिंगर आणि ॲलन विल्सन या दोघांनाही पेटंटे मिळाली. सिंगरची सुई सरळ होती व ती आडव्या पाटावरील कापडात उभी उतरे; हीच रचना पुढे सर्वत्र रूढ झाली. विल्सनने धावत्या शटलऐवजी फिरता आकडा योजला आणि १८५२ मध्ये त्यास स्थिर राहणाऱ्या चपट्या गोल बॉबिनीची जोड दिली. म्हणजे लांब बॉबिन व गोल बॉबिन हे दोन्ही वंश शिवणयंत्राच्या अगदी आरंभीच अलग झाले होते. १८५६ मध्ये हाऊ, सिंगर, व्हीलर आणि विल्सन व ग्रोव्हर आणि बेकर यांनी आपापली पेटंटे एकत्र करून संघ स्थापन केला, तो १८७७ पर्यंत टिकला. या संघाचे वर्णन अनेकांनी केले आहे. त्यांच्या नजरेतून एक गोष्ट मात्र निसटते : मूलतत्त्वांवरील हक्कांची वाटणी झाली, परंतु सुईच्या मापाविषयी कसलाही समान नियम पुढे आला नाही. व्हीलर आणि विल्सनच्या आरंभीच्या यंत्रांना वक्र सुई लागे, सिंगरच्या यंत्रांना सरळ. सिंगरच्याही वेगवेगळ्या यंत्रांना सुया वेगवेगळ्या लागत. त्या कंपनीने सुयांना जे क्रमांक दिले त्यांतील पहिला आकडा यंत्राच्या वर्गाचा आणि दुसरा सुईच्या प्रकाराचा. १२×१ म्हणजे बाराव्या वर्गाच्या यंत्राची पहिली सुई. १५×१ म्हणजे पंधराव्या वर्गाची पहिली. हे क्रमांकन सुई मापाने ओळखीत नाही, यंत्राने ओळखते. सुईला स्वतंत्र अस्तित्व नाही, ती यंत्राची आश्रित आहे, असाच या क्रमांकांचा अर्थ होतो.

बारावा वर्ग म्हणजे १८६५ मध्ये बाजारात आलेले 'न्यू फॅमिली' यंत्र. त्याच्या सुईचा दांडा पूर्ण गोल असे. दांड्याला सपाट बाजू नसल्यामुळे सुई कोणत्याही दिशेने पकडीत बसे, आणि लांब खोबण योग्य बाजूस आणण्याचे काम सर्वस्वी वापरणाऱ्याच्या नजरेवर राही. सुई बदलल्यावर टाका सुटू लागणे ही अशा यंत्राच्या घरात नित्याची बाब असली पाहिजे. १५×१ सुईच्या दांड्याची एक बाजू सपाट केलेली आहे आणि ही सपाट बाजू आखूड खोबणीच्या अंगास येते. पकडीची रचना तशीच असल्यास सुई चुकीच्या दिशेने बसविणे कठीण होते. एवढ्याशा बदलाने वापरणाऱ्याच्या कौशल्याचा एक भाग धातूत उतरला.

येथे यंत्रांच्या सुट्या भागांविषयीचा प्रसिद्ध वाद आड येतो. अमेरिकेतील शिवणयंत्रे अदलाबदल करता येण्याजोग्या भागांची होती, आणि सिंगरचे यश हे त्या पद्धतीचे फळ होय, असे दीर्घकाळ मानले जाई. डेव्हिड हाउन्शेल यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या समजुतीस जोरदार धक्का दिला. व्हीलर आणि विल्सन यांनी ब्रिजपोर्ट येथे, तसेच विलकॉक्स आणि गिब्स यांच्यासाठी ब्राउन आणि शार्प यांनी प्रॉव्हिडन्स येथे, बंदुकांच्या कारखान्यांतील मोजमापाची शिस्त १८५७-५८ च्या सुमारास स्वीकारली होती. सिंगरने मात्र कुशल कामगारांकरवी कानशीने भाग जुळवून घेण्याची जुनी रीत कित्येक वर्षे चालू ठेवली. १८५३ मध्ये ८१० यंत्रे बनविणारी ही कंपनी १८८० मध्ये वर्षाला पाच लाखांवर गेली, तरी भागाभागांवर यंत्राचा क्रमांक ठोकून तो भाग त्याच यंत्रात परत बसेल अशी दक्षता तिला घ्यावी लागत होती.

हाउन्शेल यांचा निष्कर्ष मान्य करूनही त्यात एक पुरवणी जोडावी लागते. ज्या यंत्राचे इतर भाग कानशीने जुळविले होते त्याची सुई मात्र जुळवून घेता येणे शक्यच नव्हते. ती वाकते, तिचे टोक बोथट होते, ती तुटते. आणि तुटली की कारखान्यापासून शेकडो मैल दूर बसलेल्या बाईने पुडीतून दुसरी काढून बसवावयाची असते. तेथे कानस घेऊन बसणारा कामगार नसतो. म्हणून यंत्र अदलाबदलीस योग्य होण्यापूर्वीच सुईला अदलाबदलीस योग्य व्हावे लागले. कनेटिकटमधील, पुढे टॉरिंग्टन म्हणून ओळखल्या जाऊ लागलेल्या गावात १८६६ मध्ये एक्सेलसिअर नीडल कंपनी निघाली, तिचा आधार थंड तार सर्व बाजूंनी ठोकून बारीक करण्याची यांत्रिक क्रिया हा होता. घासून पोलाद वाया घालविण्याऐवजी तेच पोलाद लांबवून सुईचे पाते काढणारी ही क्रिया सुया एकसारख्या मापाच्या देऊ शकत होती. प्रमाणीकरण यंत्राच्या गाभ्याकडून कडेला आले नाही. ज्या कडेला वस्तू झिजते व पुन्हा विकत घ्यावी लागते, तेथे ते आधी अपरिहार्य झाले.

या विधानाचा पडताळा पुढील काळात मिळतो. सिंगरची १२७ व १२८ ही आणि त्यांच्यापूर्वीची २७ व २८ ही यंत्रे झोके घेणाऱ्या होडीसारख्या शटलची आहेत; त्यांची बॉबिन लांब आणि काडीसारखी सडपातळ असते. पंधराव्या वर्गाच्या यंत्रात गोल, सपाट बाजूंची बॉबिन डबीत घालून ती डबी कडेने बसवावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी आलेल्या ६६ क्रमांकाच्या यंत्रात गोल बॉबिन वरून सोडतात. १९३३ च्या २२१ या लहान यंत्राची बॉबिन पुन्हा निराळीच. इतके प्रकार, पण या सर्व यंत्रांची सुई एकच, १५×१. बॉबिन धातूची असते, ती झिजत नाही, यंत्राबरोबर चार-सहा मिळाल्या की पिढी निघून जाते. तिच्या मापात एकरूपता आणण्याची निकड कोणालाच भासली नाही. सुईची मागणी मात्र रोजची होती, आणि प्रत्येक दुकानात प्रत्येक वर्गाची सुई ठेवणे विक्रेत्याला परवडणारे नव्हते.

याला एक बोधप्रद अपवाद आहे. आडवा-तिरपा टाका घालणाऱ्या २०६ व ३०६ या यंत्रांसाठी सिंगरने २०६×१३ ही थोडी आखूड सुई योजली. दिसावयास ती १५×१ सारखीच आहे. पकडीतही दोन्ही सारख्याच बसतात. परंतु या यंत्रांत १५×१ बसविली तर ती खाली बॉबिनच्या डबीवर आदळण्याचा धोका असतो. अशा यंत्रांतील डबीवर ओरखडे आढळले तर त्यावरून वापरणाऱ्याच्या निष्काळजीपणाचे अनुमान काढणे अन्यायाचे ठरेल. घरात जी सुई मिळत होती ती तिने बसविली; तिच्या हातातील प्रमाणापासून दूर गेली होती ती कंपनी. १९५० नंतरच्या दशकात आलेल्या ४०१ क्रमांकाच्या यंत्रात सिंगर पुन्हा १५×१ कडे वळली. मोठ्या उत्पादकालाही स्वतःच रूढ केलेल्या मापापासून फार काळ फारकत घेता आली नाही.

आता बॉबिन भरण्याकडे वळावे. लांब बॉबिनीवर दोरा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत समान थरांनी गुंडाळला गेला पाहिजे; हाताने हे साधणे कठीण. म्हणून २७ व २८ या यंत्रांच्या भरणीत हृदयाच्या आकाराचे एक चाक दिलेले आहे. मळसूत्री दातांनी ते सावकाश फिरते आणि त्याच्या कडेवर टेकलेली दांडी दोऱ्याला डावी-उजवीकडे नेत राहते. ही दांडी वाकलेली असली, किंवा दोरा तिच्या छिद्रातून ओवावयाचा राहिला, तर दोरा मध्येच ढिगासारखा साचतो. शटलची पोकळी अरुंद असल्याने तो फुगवटा तिच्या भिंतीस घासतो आणि खालचा दोरा झटके देत सुटतो. टाका कोठे आवळलेला, कोठे सैल दिसू लागतो. बहुतेक जण अशा वेळी वरच्या दोऱ्याचा ताण स्क्रू फिरवून बदलतात. दोष भरणीत असतो आणि उपाय ताणावर केला जातो. परिणामी दोन दोष होतात.

गोल बॉबिन अरुंद असल्यामुळे हे हृदयचक्र अनावश्यक झाले. भरणीचे लहान चाक रबराच्या कड्याच्या घर्षणाने हातचाकावर किंवा पट्ट्यावर फिरते, आणि दोरा वाटेत दोन चकत्यांमधून ताणून जातो. रचना सोपी झाली खरी, पण तिचे यश आता दोन क्षुल्लक वस्तूंवर अवलंबून राहिले. रबर कडक झाले किंवा त्यावर तेल उतरले की चाक घसरते व बॉबिन अर्ध्यावर थांबते. दोरा चकत्यांमध्ये न बसता नुसता वरून गेला की बॉबिन स्पंजासारखी मऊ भरते. मग वरचा थर खालच्यात रुतून दोरा अडतो. बॉबिन काठोकाठ भरली की भरणी आपोआप सुटावी यासाठी दिलेला खटका बिघडला असेल तर ती काठाबाहेर भरते आणि डबीत फिरत नाही. भरताना सुईची हालचाल थांबावी म्हणून हातचाकाच्या मधली चकती सैल करावयाची असते, आणि पुन्हा आवळावयास विसरले की यंत्र बिघडले असे घोषित होते. माहितीपुस्तिकांत या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितलेल्या आढळतात. जी सूचना वारंवार दिली जाते ती पाळली जात नव्हती, असे मानावयास हरकत नाही.

पंधराव्या वर्गाची आणि ६६ ची बॉबिन यांत तर फसगत अधिक. दोहोंचा व्यास सुमारे २० मिलिमीटर. पहिलीच्या कडा सपाट, दुसरीच्या किंचित घुमटाकार. टेबलावर ठेवल्या तर फरक दिसतो, घाईत दिसत नाही. एकीच्या जागी दुसरी बसल्यासारखी वाटते आणि फिरताना अडखळते. सुईच्या बाबतीत जी एकरूपता आली तिचा अभाव येथे बोटांना जाणवतो.

पंधराव्या वर्गाचे यंत्र पुढे जगभर पसरले ते मुख्यतः त्याच्या नकलांच्या रूपाने. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील उत्पादकांनी याच यंत्राच्या धर्तीवर एक समान नमुना स्वीकारला. त्याला एचए-१ हे नाव मिळाले व कोणत्याही कारखान्याचा भाग कोणत्याही यंत्रात बसू लागला. मूळ कंपनीला जी अदलाबदल साधण्यास अनेक दशके लागली, ती अनुकरण करणाऱ्यांनी परस्परांत करार करून साधली. भारतातील दुकानांत घरगुती यंत्राच्या सुईला आजही एचए×१ असेच म्हणतात. ती १५×१ च होय. तिचे नाव बदलले आहे, माप नाही. पुडीवर ९०/१४ असे जे दोन आकडे असतात तेही दोन परंपरांचे अवशेष आहेत : ९० हा पात्याचा व्यास मिलिमीटरच्या शतांशांत सांगतो, १४ हा सिंगरच्या जुन्या मापश्रेणीतला आहे.

भारतात सिंगर कंपनीचा व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतून, एका पारशी व्यवस्थापकाच्या देखरेखीखाली विस्तारला. १९२४ मध्ये 'यंग इंडिया'त आलेल्या संभाषणात गांधीजींनी यंत्रांविषयीच्या आपल्या आक्षेपांतून सिंगरच्या शिवणयंत्राला वगळले, आणि पत्नीचे कष्ट पाहून सिंगरने ते शोधून काढले अशी कथाही त्यात सांगितली. सिंगरचे कौटुंबिक चरित्र पाहता ही कथा स्वीकारणे अवघड आहे. पण आक्षेप घ्यावयाचाच तर तो दुसऱ्या ठिकाणी घेता आला असता : हे यंत्र एकदा घरात आले की ते चालते ठेवण्यासाठी परदेशातून येणारी सुई सतत विकत घ्यावी लागे. चरख्याची चाती गावचा लोहार घडवू शकतो. नेढ्यापाशी खाच असलेली सुई त्याला घडविता येत नाही. १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्यात 'उषा' यंत्रे तयार होऊ लागली आणि पुढे लुधियाना हे यंत्रांचे व सुट्या भागांचे मोठे केंद्र झाले, तेव्हा त्यांनीही पंधराव्या वर्गाचीच घडण पत्करली. मुंबईत १९२० मध्ये घेतलेल्या यंत्राला लुधियान्याची बॉबिनची डबी बसते ती यामुळे.

अलीकडे मात्र जुन्या गोंधळाची नवी आवृत्ती निघाली आहे. तयार कपड्यांच्या कारखान्यांतील यंत्रांची डीबी×१ ही सुई गोल व बारीक दांड्याची, सुमारे १.६ मिलिमीटर व्यासाची असते. घरगुती सुईचा दांडा सुमारे २ मिलिमीटरांचा व एका बाजूने सपाट. बाजारात दोन्ही शेजारी शेजारी विकल्या जातात. कारखान्याची सुई घरगुती यंत्रात शिरते, पण पकडीत घट्ट बसत नाही आणि तिला सपाट बाजू नसल्याने फिरते. बारा क्रमांकाच्या 'न्यू फॅमिली' यंत्राच्या मालकिणीला जी अडचण येई, नेमकी तीच शंभराहून अधिक वर्षांनी परत आली आहे.

वस्तुसंग्रहालयांच्या नोंदवह्यांत शिवणयंत्राचा निर्माता, क्रमांक व अंदाजे साल नोंदलेले असते. सुई कोणत्या पद्धतीची व बॉबिन कोणत्या प्रकारची हे क्वचितच. त्यामुळे पुष्कळशी 'नादुरुस्त' यंत्रे वस्तुतः सुई-विरहित यंत्रे आहेत हे लक्षात येत नाही. 'न्यू फॅमिली'च्या १२×१ सुया आता नित्याच्या उत्पादनात नाहीत. ते ओतीव लोखंड आणखी शंभर वर्षे टिकेल, पण टाका घालू शकणार नाही. याउलट सिंगरचा स्कॉटलंडमधील किलबोवी येथील प्रचंड कारखाना १९८० मध्ये बंद पडला, आणि तेथे तयार झालेल्या २८के यंत्राची सुई मात्र आजही कोणत्याही तालुक्याच्या गावी, ज्यांनी कधी यंत्र बनविलेच नाही अशा कंपन्यांच्या पुडीत मिळते. त्या यंत्राची लांब बॉबिन शोधण्यासाठी मुंबईतील जुन्या बाजारातच जावे लागते.